निळ्या गाडीचं मिसिंग

हिल्का युन्तुनेनला गाडी झकास चालवता यायची. बर्फावरून, उतारावरून, वळणावर भलंमोठं एल्क हरीण रस्त्यात उभं राहिलं तरी तिचा हात हलत नसे. पण बॉनेट कुठून उघडतं हे मात्र तिला साठी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. बॉनेटखालचं सगळं ताइस्तोचं आणि मागावरचं सगळं हिल्काचं, अशी त्या घरात लग्नापासून वाटणी होती. हिल्का जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून जाडजूड सतरंज्या विणायची. ताइस्तोने तिच्या मागाला कधी बोट लावलं नाही आणि तिने त्याच्या पान्यांना. कोणी कोणाच्या कामात नाक खुपसायचं नाही, एवढ्यावर त्या दोघांचा संसार सुखाचा झाला. मग ऑक्टोबरात लाकडं फोडता फोडता ताइस्तोला अर्धांगाचा झटका आला आणि तो अंगणात आडवा झाला.

उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अगदी सगळी गेली असं नाही, दोन शब्द उरले. आमच्या हाउकिलाम्पी गावात माणसं खुर्चीतून उठताना, कामाला लागताना, जेवण आटोपल्यावर आणि पाहुण्याला घालवताना एकच म्हणतात, "बरं तर." ताइस्तो जन्मभर तेवढंच बोलत आलाय, असं हिल्का चिडली की म्हणायची. आता खरोखरच तेवढं उरलं. तहान लागली की "बरं तर", पाय दुखला की "बरं तर", आणि हिल्का दारात दिसली की वेगळ्याच सुरात, "बरं तर!"

तो शहरातल्या इस्पितळात होता. गाडीने सव्वा तास. बस सकाळी जायची ती दुसऱ्या दिवशी परतायची, म्हणून हिल्का दर बुधवारी आणि रविवारी निळी गाडी काढून जायची. त्या गाडीचं वय गावातल्या बऱ्याच लग्नांपेक्षा जास्त होतं. वॉर्डातली नर्स, आन्नेली नाव तिचं, एकदा हिल्काला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही येता ना, त्या दिवशी हे उठतात. काठी धरून दोन पावलं टाकतात. नाही आलात की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आम्ही कितीही हाका मारल्या तरी ढिम्म."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते आणखी सरळ. मार्चअखेर तपासणी. आपल्या पायांनी, काठी घेऊन, वॉर्डापासून मुख्य दारापर्यंत आला तर घरी. नाही आला तर वरच्या मजल्यावरचा कायमचा वॉर्ड. त्या मजल्यावर गेलेलं माणूस परत आलेलं आमच्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. म्हणजे ताइस्तो घरी येणार की नाही हे त्याच्या पायांवर होतं, त्याचे पाय हिल्काच्या येण्यावर होते, आणि हिल्काचं येणं त्या निळ्या गाडीवर होतं.

आणि गाडीने जानेवारीत मिसिंग मारायला, म्हणजे चालता चालता मध्येच ठोके चुकवायला, सुरुवात केली.

पहिल्यांदा झालं ते कडाक्याच्या थंडीत, नाकातले केसही गोठतात अशा सकाळी. गाडी अंगणातून निघाली, फाटकापाशी दोन झटके खाल्ले, दुकानापाशी आणखी दोन, आणि मग कशीबशी चालली. हिल्काला आठवलं, असल्या थंडीत ताइस्तो पेट्रोलच्या टाकीत थोडं जळाऊ स्पिरिट, म्हणजे जाळायचं अल्कोहोल, ओतायचा. टाकीत ओल धरते, ती नळीत गोठते, स्पिरिटने ती सुटते, असं काहीतरी तो पुटपुटायचा. तिने सायमीच्या दुकानातून स्पिरिटची बाटली आणली आणि अख्खी ओतून टाकली. माप तिला कुठे माहीत होतं? पण त्या दिवशी गाडी जाऊन आली. येताना हिल्का स्वतःवर इतकी खूश होती की गाडीत मोठ्याने गाणं म्हणत आली.

आठवडाभराने मिसिंग परत आलं, आणि आता थंडी उतरली तरी जाईना. सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची. सुरू झाली की सर्दी झाल्यासारखी फुरफुरायची, आणि चढाला दाबली की जीव गेल्यासारखी व्हायची. हिल्काने टाकीत पेट्रोल थोडं थोडंच भरायला सुरुवात केली. आजारी गाडीला भरल्या टाकीचं ओझं कशाला, असा तिचा हिशेब. या हिशेबावर पुढे गावात पुष्कळ हसणं झालं, पण तेव्हा तिला तो अगदी पटलेला होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी मोठ्या चढावर गाडी अर्ध्यातच आचके द्यायला लागली. हिल्काने कशीबशी वळवली आणि उताराच्या जोरावर घरी आणली. मग इस्पितळात फोन केला. आन्नेली म्हणाली, "जेवणाच्या वेळेपर्यंत खिडकीशी बसून होते. मग भिंतीकडे वळले. सूप तसंच आहे."

हिल्काने फोन ठेवला, ताइस्तोचा तेलकट कोट अंगात घातला आणि शेडमध्ये गेली. बॉनेट उघडायचा खटका सापडायला तिला बराच वेळ लागला. तो गाडीच्या आत, पायापाशी असतो. बाहेरचं झाकण आतून उघडायचं, हे कुठल्या शहाण्याचं डोकं, असं ती मोठ्याने म्हणाली. शेडमध्ये ऐकायला कोणी नव्हतं. बॉनेट वर गेलं आणि हिल्काने आत पाहिलं. नळ्या, वायरी, डबे, स्क्रू. मागावर कमीत कमी उभं काय आणि आडवं काय हे तरी कळतं.

शेडच्या फळीवर गाडीचं जुनं पुस्तक होतं. त्यात 'इंजिन एकसारखं चालत नाही' असं एक पान होतं, आणि त्याखाली कारणांची रांग लागलेली. प्लग. वायरी. डिस्ट्रिब्युटरची टोपी. कार्बोरेटर. चोक. कुठूनतरी हवा घुसते. कुठूनतरी हवा घुसत नाही. हिल्काने ते पान परत परत वाचलं. प्रत्येक कारण वाचलं की वाटायचं, हेच. पुढचं वाचलं की वाटायचं, छे, हे.

एव्हाना बातमी गावभर झाली होती. शेजारचा ओइवा आला. हा जंगलात लाकूड तोडणारा माणूस, यंत्रांत वाढलेला. खिशात हात घालून तो इंजिनासमोर उभा राहिला. हिल्काने गाडी सुरू केली. ओइवाने ऐकलं.

"हं," तो म्हणाला.

"हं काय?"

"मिसिंग मारतंय."

"ते मला घरात बसून ऐकू येतं रे. कशाने?"

ओइवाने पुष्कळ विचार केला. "इग्निशन असेल," म्हणाला, कॉफी प्यायला, वेलदोड्याचा पाव खाल्ला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी अर्वो आला, लाकडी ढकलगाडीवर एक पाय ठेवून, दुसऱ्याने बर्फ रेटत. अर्वो सरहद्दीच्या पहाऱ्यावरून निवृत्त झालेला, सगळ्याकडे संशयाने बघणारा. "कार्बोरेटर," तो म्हणाला.

"ओइवा म्हणतो इग्निशन."

"ओइवाला काय कळतंय?" त्यानेही कॉफी घेतली, पाव खाल्ला, आणि तोही गेला.

दुकानवाली सायमी तर काउंटरवरूनच म्हणाली, "माझ्या भावाच्या गाडीचं अगदी असंच झालं होतं बघ."

"मग काय केलं त्याने?"

"विकली."

आता कोणी बाहेरचा विचारेल की एवढे जाणते बाप्ये आले, मग एकानेही पाना का उचलला नाही? तर दुसऱ्याच्या शेडमधल्या हत्याराला मालकाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. मालक सांगू शकत नव्हता. मालकीण विचारणार नव्हती, कारण मदत मागायची म्हटलं की आमच्या माणसांची जीभ टाळूला चिकटते. मदत करायचीच झाली तर ती कोणाला दिसणार नाही अशी करायची. हिल्का सकाळी उठायची तर अंगणातला बर्फ बाजूला झालेला असे. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराशी फोडलेली लाकडं रचलेली असत. कोणी केलं हे ती विचारत नसे आणि कोणी सांगत नसे. मला विचाराल तर हा निव्वळ अडाणीपणा आहे, पण मीही तसाच वागतो.

तर हिल्का एकटीच लढत होती. तिने प्लग काढले. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून सुरुवात. चारही प्लग काढून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडले. पुस्तकात लिहिलं होतं, प्लग काळे तर पेट्रोल जास्त, तपकिरी तर ठीक, पांढरे तर पेट्रोल कमी. हिल्काचे चारही पांढरेशुभ्र होते. आता स्वच्छ आहे ते वाईट कसं, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. जन्मभर तिने पांढरं ते चांगलं असंच धुतलं होतं. शेवटी थंडीत सगळे करतात तसं तिने ते प्लग ओव्हनमध्ये पावाशेजारी गरम केले आणि परत बसवले.

पण वायरी तिने चारही एकदम काढल्या होत्या. कोणती कुठली, ते गेलं. तिने आपल्या मनाने लावल्या आणि किल्ली फिरवली. असा धडाका झाला की ओइवाचा कुत्रा सौनाखाली जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर येईना. हिल्का स्टीअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिली. मग घरात जाऊन पट्ट्यांची टोपली घेऊन आली. पुस्तकातल्या चित्रावरून एकेक वायर लावली आणि प्रत्येकीला एक चिंधी बांधली: पहिलीला लाल, दुसरीला पिवळी, तिसरीला ताइस्तोच्या जुन्या सदऱ्याची निळी, चौथीला पडद्याची हिरवी. गाडी सुरू झाली. मिसिंग होतं तसंच होतं, पण निदान आता ते रांगेत होतं.

मग पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा एक स्क्रू थोडा सैल करून पेट्रोल वाढवलं तर गाडी जरा बरी झाली. हिल्काला आनंदाचं भरतं आलं. रविवारी ती इस्पितळात पोचली, आणि त्याच्या पुढच्या बुधवारीही पोचली. शनिवारी मिसिंग परत. तिने आणखी सैल केला. परत जरा बरी, परत बिघडली. हा काय प्रकार आहे तेच कळेना. तिने नीट केलेलं कोणीतरी मागून बिघडवतंय, असं तिला वाटायला लागलं. मग तिने स्वतःलाच झापलं, की बाई, वेड लागायची वेळ आली तुझी.

ताइस्तोला विचारावं, असं तिला सुचलं ते पुढे एका रविवारी. तोवर तिने त्याला काही सांगितलंच नव्हतं. त्याची गाडी, त्याचं इंजिन, आणि हा असा पडलेला. पण आता इलाज नव्हता. ती पलंगाशी बसली, इकडेतिकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "गाडी मिसिंग मारतेय. अशी: फट्, फट्, फुस्स. फट्, फुस्स, फुस्स."

ताइस्तोने मान वळवली. डोळे एकदम जागे झाले. डाव्या हाताने त्याने खूण केली: परत कर.

हिल्काने परत केलं. चढावरचं केलं, थंडीतलं केलं, गाडी उभी असतानाचं केलं. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा कुशीवर वळून ऐकायला लागले. ताइस्तोने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताचं बोट आपल्या नाकावर ठेवलं.

हिल्काने रुमाल काढून त्याचं नाक पुसलं.

"बरं तर!" ताइस्तो ओरडला. परत नाकावर बोट. परत तिने पुसलं. त्याने तिचा हात झटकला आणि छताकडे बघत बसला. पण त्या दिवशी काठी धरून तो वॉर्डाच्या दारापर्यंत गेला, रागारागाने का होईना.

पुढच्या बुधवारी हिल्का पर्समध्ये एक प्लग घेऊन गेली, कागदी रुमालात गुंडाळून. ताइस्तोने चष्मा मागितला. प्लग खिडकीकडे धरून पाहिला, नाकाशी नेला, वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने पुन्हा नाकावर बोट ठेवलं. मग मूठ वळवून, अंगठा बाहेर काढून, बाटली कलंडवल्यासारखा हात केला. एकदा. दोनदा. हिल्काकडे रोखून बघत.

हिल्का चमकली. नाक आणि बाटली. म्हणजे हा माझ्या तोंडाचा वास घेतोय?

"मी पिते, असं म्हणायचंय तुला?" तिचा आवाज चढला. "दिवसभर शेडमध्ये हात गोठवून घेते, बोटांना तेलाचा वास, नखं बघ माझी, आणि तुला वाटतं मी पिऊन गाडी चालवते?"

"बरं तर, बरं तर," ताइस्तो घाईघाईने म्हणाला, मान हलवत, आणि परत हात कलंडवला.

"पुरे!" हिल्का म्हणाली. तिने कोट घातला आणि निघाली. दर वेळी निघताना ती त्याच्या कपाळावरून हात फिरवायची, तोही फिरवला नाही. मागून येत होतं, "बरं तर... बरं तर..." आणि दार बंद झालं.

घरी येईपर्यंत गाडी आणि हिल्का दोघीही धुसफुसत होत्या. गावात शिरता शिरता गाडी सायमीच्या दुकानासमोर एकदा फुस्स झाली आणि बंदच पडली. किल्ली फिरवली, नाही. परत फिरवली, नाही. हिल्का दुकानात शिरली. काउंटरशी उभी राहून ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. सायमी पाणी घेऊन आली.

खिडकीतून निळी गाडी दिसत होती. आणि गाडीकडे ओइवा येताना दिसला. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, कोटाच्या आतून एक बाटली काढली, गाडीच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि बाटली उपडी केली.

हिल्का टोपीशिवायच बाहेर धावली.

"ओइवा! काय ओततोयस?"

ओइवा जागीच थिजला. बाटली त्याच्या हातात गटगट रिकामी होत राहिली. "स्पिरिट," तो म्हणाला.

"माझ्या टाकीत?"

"थंडी आहे."

"कसली थंडी? छपरावरून पाणी गळतंय! आजच ओततोयस की आधीही ओतलंस?"

ओइवाने बुटांकडे पाहिलं. "तू रविवारी सकाळी पायी चर्चला गेलीस की. गाडी मिसिंग मारते ना, म्हटलं ओल असेल नळीत."

"दर वेळी?"

"मिसिंग जाईना, म्हणून."

तेवढ्यात दुकानाच्या दारातून सायमीचा आवाज आला, जरा खाकरून. "हिल्का... मीपण ओतलंय. तू दूध घ्यायला आलीस की मागच्या दाराने जाऊन. तुला सांगणार होते, पण म्हटलं उगाच कशाला."

हिल्का एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. तोवर अर्वो ढकलगाडीवरून आला. काय चाललंय ते त्याने ऐकलं आणि ताठ उभा राहिला. "मी प्रत्येक वेळी फक्त एकच बाटली घातली," तो म्हणाला.

"प्रत्येक वेळी म्हणजे कितीदा?"

अर्वोने दूर जंगलाकडे पाहिलं. सरहद्दीवरची सगळी वर्षं त्याने एवढी चुकवाचुकवी केली नसेल.

"तरीच!" सायमी म्हणाली. "अख्खा हिवाळा स्पिरिट संपतंय, तरीच! मी म्हणत होते, ते पिऊन गावातले बाप्ये हातून गेले."

हिल्का गाडीपाशी गेली. टाकीच्या तोंडाशी वाकली आणि वास घेतला. पेट्रोलचा वास कुठेतरी खाली होता. वर आला तो गोड, उग्र, नाकात झोंबणारा वास, जत्रेनंतरच्या सकाळी दारूच्या दुकानाबाहेर येतो तसा. आधीच टाकी अर्धीमुर्धी भरलेली, त्यात बाटल्यांवर बाटल्या. गाडी मिसिंग मारते म्हणून स्पिरिट, आणि स्पिरिट जास्त झालं म्हणून मिसिंग. ती स्क्रू सैल करत होती आणि गाव ओतत होतं.

आणि मग नाकावरचं बोट आणि कलंडलेली मूठ तिच्या डोळ्यांसमोर आली. साठ किलोमीटरवर, पलंगावर पडून, हिच्या तोंडच्या फट्-फुस्सवरून आणि एका प्लगच्या वासावरून त्याने ओळखलं होतं. तो सांगत होता, आणि ही रुमालाने नाक पुसत होती. वर भांडून आली होती. हिल्काला रडूच कोसळलं. रस्त्यात, सगळ्यांसमोर, टाकीचं झाकण हातात धरून ती रडली. आमच्याकडे असं कोणी करत नाही. ओइवा, अर्वो आणि सायमी तिघंही तीन दिशांना बघत उभे राहिले.

मग हिल्काने नाक पुसलं आणि आमच्या गावात क्वचितच ऐकू येणारी गोष्ट बोलली. "मला मदत करा," ती म्हणाली. "दिवसाढवळ्या. शेडमध्ये. माझ्यादेखत."

ओइवाने रिकामी बाटली खिशात घातली. "बरं तर," तो म्हणाला.

ओइवाच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून आणली. शेडमध्ये फळीवर ताइस्तोचे पाने ओळीने टांगलेले होते. ओइवाचा हात वर गेला आणि मध्येच थांबला. त्याने हिल्काकडे पाहिलं.

"घे," हिल्का म्हणाली. "मी सांगतेय ना."

नळी लावून टाकी उपसली. ते भलतंच मिश्रण ओइवाने पाला जाळायला बाजूला ठेवलं. फिल्टर नवा घातला, कारण स्पिरिटने टाकीतला जुना गंज सोडवून सगळा पुढे आणला होता. कार्बोरेटरची तोंडं फुंकून साफ केली, आणि हिल्काने सैल केलेला स्क्रू तिने स्वतःच, आठवून आठवून, परत जागेवर आणला. अर्वो चिंध्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "ही काय नाताळची झाडं?"

"हात लावू नकोस त्यांना," हिल्का म्हणाली. "तेवढंच बरोबर आहे तिच्यात."

मग ताजं पेट्रोल, काठोकाठ. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. सगळे ऐकत राहिले, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच, नुसती एकसारखी घरघर. सायमी पाव घेऊन आली होती, पण तो खायचं कोणाला सुचलं नाही.

रविवारी हिल्का वॉर्डात शिरली तेव्हा ताइस्तो भिंतीकडे तोंड करून होता. ती पलंगाच्या पलीकडे, भिंत आणि पलंगाच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिली, म्हणजे त्याला तोंड फिरवायला जागाच उरली नाही. "स्पिरिट," ती म्हणाली. "तुझं बरोबर होतं. मी मूर्ख आहे. बुधवारसाठी माफ कर मला."

ताइस्तो तिच्याकडे बघत राहिला.

"ओतलं कोणी विचार. ओइवाने."

ताइस्तोने एक बोट उघडलं.

"सायमीने." दुसरं बोट. "आणि अर्वोने. प्रत्येक वेळी एकच बाटली म्हणे." तिसरं.

ताइस्तो थांबला. मग चौथं बोट हळूहळू उघडलं आणि ते सरळ हिल्काकडे रोखलं.

हिल्का लाल झाली. ती पहिली बाटली ती साफ विसरून गेली होती. "हो," ती म्हणाली. "मीपण. सगळ्यात आधी मीच. अख्खी."

ताइस्तो हसायला लागला. ऑक्टोबरपासून तो हसलाच नव्हता. एकाच बाजूने हसत होता, तोंड वाकडं होत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पलीकडचे आजोबा काय झालं हे न कळताही हसत होते. आन्नेली धावत आली. हसून झाल्यावर ताइस्तोने काठी मागितली.

त्यानंतर एकही बुधवार चुकला नाही, एकही रविवार चुकला नाही. मार्चअखेर ताइस्तो वॉर्डापासून मुख्य दारापर्यंत आला. वाटेत दोनदा भिंतीला टेकला. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. हिल्काने गाडी दाराशी आणून सुरूच ठेवली होती.

ताइस्तो पायऱ्या उतरला आणि थांबला. त्याने बॉनेटकडे काठीने खूण केली. हिल्काने पायापाशी हात घालून खटका ओढला, बॉनेट उचललं आणि दांडी लावली, इतक्या सहज की ताइस्तोने भुवया वर केल्या. तो इंजिनावर वाकला. लाल, पिवळी, निळी, हिरवी चिंधी बघितली. निळीला बोट लावलं, आपल्याच सदऱ्याची ती, ओळखली त्याने. मग डोळे मिटून ऐकत राहिला. हिल्का श्वास रोखून उभी होती. डॉक्टरांसमोरसुद्धा ती इतकी घाबरली नव्हती.

ताइस्तो सरळ झाला आणि सवयीने चालवायच्या बाजूच्या दाराकडे वळला. हात दाराच्या मुठीवर ठेवला. तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने मूठ सोडली, गाडीवर तळहात टेकला आणि टेकत टेकत, पुढून वळसा घालून, आपल्या पायांनी दुसऱ्या बाजूला गेला. तिथलं दार त्याने स्वतः उघडलं, बसला, आणि काठी पायांमध्ये उभी करून समोर रस्त्याकडे पाहिलं.

"बरं तर," तो म्हणाला, आणि हिल्काने गाडी काढली.